कालव्याजवळची खोली

त्या दुपारचं सगळं अजून डोळ्यांपुढे उभं राहतं. मी इंदापूर तालुक्यातल्या एका ठाण्यात सहायक फौजदार होते. जळोचीतून चार वर्षांची मुलगी अंगणातून नाहीशी झाली होती आणि कामावरून काढलेल्या गड्यावर संशय होता. बारामतीहून बिनतारी संदेश आला, आम्ही नाकाबंदी लावली.

तेवढ्यात लोणी देवकरच्या कारखान्यातल्या एका इंजिनिअरचा विमानतळावरून फोन आला. केरळचा माणूस, मराठी येत नव्हतं. सकाळी वाट चुकून आडरस्त्याला लागला, तेव्हा एकजण रडणाऱ्या मुलीला खोलीत नेताना दिसला. व्हॉट्सॲपवर हरवलेल्या मुलीचा फोटो पाहून आता त्याला ते आठवलं. खोली कुठं? "नियर द कॅनॉल."

पथकं काठानं फिरून रिकामी परतली. जळोचीहून ठाण्यात येऊन बसलेले मुलीचे आजोबा बाकावरून म्हणाले, "बाईसाहेब, कालवा तर समदीकडं हाय. जवळ म्हंजी कुठं?"

साहेब वैतागले. "एवढा शिकलाय, पत्ता सांगता येईना!"

मी चारचौघांत बोलायला लाजणारी, त्यात इंग्रजी मोडकं. पण पंचनाम्यात जागेची चतुःसीमा लिहिल्याशिवाय मला चैन पडत नसे. मी त्याला व्हिडिओ कॉल लावला. टेबलावर पट्टी ठेवली, तो कालवा. पेला ठेवला, ती खोली.

"बिसाइड?" पेला पट्टीला लावला.

"नो, नो." मी पेला सरकवत गेले, तो "मोअर" म्हणत राहिला.

"बिटवीन?"

"शुगरकेन."

म्हणजे ऊस ओलांडून आत. आता आमच्याकडचं हाकेचं माप काढलं. "खोलीतून आय शाऊट. हू लिसन?"

"मॅडम, लिसन न्हाय, हिअर!" हवालदार हसला.

इंजिनिअरनं डोळे मिटले. "फ्लोअर मिल. नेक्स्ट टू. सेम वॉल."

हवालदाराचं हसू थांबलं. "उसापल्याड, भिंतीला भिंत? मॅडम, ही वरकुट्याच्या शिवंवरची गिरणी!"

गिरणी चालूच होती. तिच्या घरघरीत मुलीचं रडणं बाहेर येत नव्हतं. शेजारच्या खोलीचं दार ढकललं, आरोपी जागीच ताब्यात घेतला. कामावरून काढल्याचा राग, हे त्यानं तिथंच कबूल केलं. मुलगी पिठानं माखलेली, पण धडधाकट होती.

ठाण्यात आजोबांनी तिला उचललं आणि हवालदाराला दरडावलं, "हसत व्हतास न्हवं मगाशी? आता पेढं आण!"

इंजिनिअर खोटं बोलला नव्हता. त्या मुलखात त्याच्या ओळखीचं काही असेल तर तो कालवाच, म्हणून सगळं त्याच्याच जवळ. साक्षीदार चुकला म्हणण्याआधी तो कुठून बघत होता ते विचारावं, हे मी त्या दिवशी शिकले. पुढे नव्या पोरींना तपास शिकवताना हेच पहिलं सांगितलं, आणि न लाजता सांगितलं.