कुत्रीचा पाचवा दिवस

अन्याय झाला तो आमच्या सानपाड्याच्या सोसायटीतल्या पांढऱ्या पॉमेरियन कुत्रीवर. शहाण्णव सालच्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी सहाच्या सुमारास, दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात. तिचे मालक, म्हणजे आमच्या समोरच्या दारातले काका, तिला उरणच्या कुत्र्याकडून परत आणत होते. चार मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "वांझ हाय वांझ! दोनदा नेली, दोन्ही वेळेला त्याला चावली. माज आलाय नुसता!"

मी तेव्हा वीस वर्षांची. कॉलेज सांभाळून बायकांच्या संघटनेची पत्रकं वाटायचे. त्या एका शब्दाविरुद्ध मी स्वतः दोन पत्रकं लिहिली होती, आणि तोच शब्द माझ्याच जिन्यात! मी अनवाणीच बाहेर आले.

"काका, शब्द मागे घ्या."

"अगं, कुत्रीला म्हणतोय, तुला नाय!" काका साताऱ्याकडचे, आवाज काही खाली येईना. "पुढच्या खेपेला नाय झालं तर नावड्याला मेव्हण्याच्या वर्कशॉपवर देणार. साखळीला बांधून राखण तरी करील."

साखळी! काकूंच्या ओट्याखाली, लाटण्याच्या आवाजावर झोपणारी ती. माझ्या पावलावर हनुवटी टेकून बसली होती.

पुढची खेप गुढीपाडव्याच्या आसपास आली. काकूंनी मला आत बोलावून हळूच सांगितलं, "कावळा शिवला गं हिला." बघते तर कुत्री बाल्कनीत, गोणपाटावर. चार दिवस देवघराकडे फिरकायचं नाही. पाचव्या दिवशी डोक्यावरून अंघोळ, मग पावडर, मग उरणची बस.

"काकू, मागच्या दोन्ही वेळेला पाचव्याच दिवशी नेलीत?"

"मग? न्हायल्याशिवाय परक्याच्या दारात कशी न्यायची?"

मी बायकांना बाजूला बसवण्याविरुद्ध गावभर पत्रकं वाटत होते आणि समोरच्या बाल्कनीत कुत्री बाजूला बसली होती! त्याच दुपारी काकांना आणि कुत्रीला घेऊन मी गुरांच्या डॉक्टरांकडे गेले. सगळं ऐकून ते इतके हसले की चष्मा काढून पुसायला लागला.

"अहो, बाईचा हिशोब कुत्रीला लावलात? हिचं रक्त म्हणजे माज सुरू झाल्याची खूण. पाचव्या दिवशी नेलीत तर चावणारच!"

"माज आलाय, मी म्हणतच होतो," काका पुटपुटले.

"आलाय हो, पण पुरता कुठे आलाय? रक्त फिकं पडू द्या. साधारण दहाव्या दिवसापासून रोज पाठीवर, शेपटीपाशी हात ठेवून बघा. तिनं शेपटी बाजूला सारली की समजा, बाई राजी आहे. मग न्या. एक दिवस सोडून परत न्या."

राजी! मी इतकी पत्रकं लिहिली, पण इतका नेमका शब्द मला कधी सुचला नव्हता.

मग काय, सगळा जिना कामाला लागला. काका रोज सकाळी कुत्रीच्या पाठीवर हात ठेवून उकिडवे बसायचे आणि ऑफिसला निघालेला प्रत्येक जण विचारायचा, "सारली का?" दहाव्या दिवशी नाही. अकराव्या दिवशीही नाही. काकांचं तोंड उतरलं. नावड्याच्या मेव्हण्याचा फोनही येऊन गेला. बाराव्या दिवशी तोंडात ब्रश असताना मला आरोळी ऐकू आली, "सारली! सारली!" वरच्या मजल्यावरून कोणीतरी टाळ्याच वाजवल्या.

उरणला ती चावली नाही. "शांत उभी राहिली," काकांनी परत आल्यावर सांगितलं. "मीच लाजून तोंड फिरवलं."

दोन महिन्यांनी तिला चार पिल्लं झाली, मुठीएवढी, ओट्याखालीच. काकूंनी पाचव्या दिवशी पाट मांडून पाचवी पुजली. "हा पाचवा दिवस तरी चुकला नाही ना गं?" त्यांनी मला डोळा मारून विचारलं. असल्या पूजांवर मी टीका केलेली, तरी त्या दिवशीच्या घुगऱ्या मी दोनदा मागून खाल्ल्या.

पण माझी मागणी मी सोडली नव्हती. कुत्री फिरायला बाहेर पडली तेव्हा मी काकांना त्याच पायरीवर अडवलं. ते खाली बसले, तिचे कान धरले आणि चार मजल्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चुकलो गं बाय. दिवस आमी चुकीचे मोजले आन् नाव तुला ठेवलं." तिनं त्यांचं नाक चाटलं. नावड्याचा विषय तिथेच संपला.

आता तुमच्याकडे वळते. हा 'वांझ' शब्द तुम्हीही कोणाला तरी चिकटवलाय. बाईला, म्हशीला, कुत्रीला. चिकटवण्याआधी काही तपासलं होतंत? नाही ना? मग उठा, तिच्या दारात जा, आणि ज्या आवाजात तो शब्द उच्चारलात, त्याच आवाजात आज परत घ्या.