गळालेला उकार

साहेबांचं चरित्र लिहिणारे पुढे पुष्कळ निघाले. वकील, मंत्री, पंतप्रधान, सगळ्या पायऱ्या त्यांनी मोजल्या. पण प्रत्येक पायरीवर साहेबांच्या डाव्या हाताला मांडीवर वही घेऊन एक माणूस बसलेला असायचा, त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. तो साहेबांचा लघुलेखक. बाविसाव्या वर्षी वकिलाच्या ऑफिसात चिकटला तो एकतीस वर्षं चिकटूनच राहिला. साहेबांच्या खुर्च्या वाढत गेल्या, याची मात्र तीच, बिनहातांची.

लघुलिपीत व्यंजनांच्या रेघा भराभर ओढायच्या आणि स्वरांची टिंबं मागाहून द्यायची. हा टिंबं देतच नसे. क आणि र दिसले की ते कर आहे, कार आहे की कोरा, हे पुढच्यामागच्या शब्दांवरून ओळखायचा. "टिंबं शिकाऊंनी द्यावीत," असा त्याचा तोरा. बायको म्हणायची, "अहो, घरातही स्वर गिळता तुम्ही! साधं 'हो' तोंडातून निघत नाही, नुसतं हं." त्यावरही हा "हं" म्हणायचा.

साहेबांना त्याचा भारी अभिमान. "मी काय बोललो ते मला विचारू नका, याला विचारा," असं ते परदेशी पाहुण्यांनासुद्धा सांगत. त्यानं टाइप केलेला कागद ते वाचत नसत, सरळ सही ठोकत. असा विश्वास टाकू नये माणसानं माणसावर. टाकणाऱ्याचं जे व्हायचं ते होतं, पण ज्याच्यावर टाकला तो जन्माचा दबून जातो.

साहेब पंतप्रधान असताना एका वर्षी नदीवरचं मोठं धरण पुरं झालं. एक तारखेला दरवाजे बंद करून पाणी साठवायचं, त्याआधी त्या पाण्यात बुडणारी खालची वस्ती रिकामी करायची, असं ठरलेलं. वस्तीतली चार माणसं साहेबांना भेटायला आली. म्हातारीकोतारी, गुरंढोरं, सगळं इतक्या लवकर हलणार कसं? साहेब म्हणाले, "पंधरा दिवस जास्त देतो. माझा शब्द." माणसं गेली आणि साहेबांनी लगेच मजकूर सांगितला: खालच्या वस्तीला आणखी पंधरा दिवसांची मुदत द्यावी.

लघुलेखकानं लिहिलं, म-द-त. त्या दिवशी त्याच्या वहीत आधीच नऊ पत्रं होती, सगळी टंचाईची. धान्याची मदत, औषधांची मदत, चाऱ्याची मदत. दुपारी तो टाइप करायला बसला आणि बोटं सवयीनं मदतीवरच पडली. पंधरा दिवसांची मदत. वाक्य कसं चपखल बसलं! इथे कुणी ध चा मा केला नव्हता, नुसता एक उकार गळाला होता. साहेबांनी सही केली.

वस्तीवर पंधरा दिवसांच्या धान्याची पोती पोचली. लोकांची खात्रीच पटली, पंधरा दिवसांचं धान्य आलं म्हणजे पंधरा दिवस मिळाले. निघा निघा म्हणणाऱ्या शिपायांना त्यांनी हसून परत पाठवलं. एक तारखेला दरवाजे बंद झाले आणि रातोरात पाणी वस्तीत चढलं. अकरा माणसं गेली. त्यात एक आजी होती आणि तिला आणायला मागे फिरलेली तिची सून.

प्रधान सचिवांनी तो कागद साहेबांपुढे ठेवला. खोलीत दोन मंत्रीही उभे होते. साहेबांनी कागद वाचला, पुन्हा वाचला आणि लघुलेखकाकडे वळून विचारलं, "मी मुदत म्हणालो होतो ना रे?"

साहेबांचा तो 'मु' त्याच्या कानात अजून घुमत होता. पण सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि त्याची जीभ भलतंच बोलून गेली. "नाही साहेब. मदत म्हणालात."

"मग तसंच म्हणालो असेन," साहेब म्हणाले. "तू कधी खोटं लिहिलं नाहीस."

चार दिवसांत साहेबांनी राजीनामा दिला. खुर्ची गेल्याचं दुःख त्यांनी पचवलं असतं, पण त्यांचा स्वतःच्या जिभेवरचा विश्वास उडाला. जेवताना मध्येच थांबून मुलीला विचारायचे, "आत्ता मी काय म्हणालो?" सभांमधून भरभरून बोलणारा माणूस चिठ्ठ्या लिहून पाणी मागू लागला. लघुलेखक दर रविवारी भेटायला जायचा आणि ते बघून यायचा. आज सांगू, उद्या सांगू करत नऊ वर्षं गेली. घरी बायकोलाही कळलं नाही.

मग साहेबांनी अंथरूण धरलं. मुलीनं फोन केला, "काका, येऊन जा. डॉक्टरांनी हात टेकलेत."

तो जुनी वही घेऊन गेला. मुलगी चहा करायला आत गेली तसा तो पलंगाशी वाकला. "साहेब, तुम्ही मुदतच म्हणाला होतात. चूक माझी होती. त्या दिवशी मी खोटं बोललो." बोलताना तो लहान मुलासारखा रडत होता.

साहेबांनी हात पुढे केला. "वही दाखव."

त्यानं पान उघडून दाखवलं. इतक्या वर्षांत साहेब त्या रेघा ओळखायला शिकले होते. त्यांनी बोट फिरवलं. म. द. त. ना वर टिंब, ना खाली टिंब.

"यात कुठे आहे मुदत?" साहेब हसले. नऊ वर्षांत पहिल्यांदा ते असं मनापासून हसत होते. "मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलतोस होय? तुला जमत नाही रे ते."

"नाही साहेब, खरंच, शपथेवर..."

"पुरे आता," साहेब म्हणाले, आणि त्याचा हात थोपटत राहिले.

गुरुवारी ते गेले. वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर त्यांचं आयुष्य छापलं. त्यात धरण होतं, अकरा माणसं होती, आणि शब्द मोडणारा पंतप्रधान होता. लघुलेखकानं ते बायकोला वाचून दाखवायला घेतलं, पण त्या ओळीपाशी त्याला पुढे वाचता येईना.