दह्याचा डाग

कापसाच्या पडत्या काळात आम्ही बोरी अरबचं वावर विकलं. घेणाऱ्याने तिथे सोयाबीन पेरलं. बहिणीने पूर्वी काढलेलं त्या वावराचं चित्र तिच्याकडेच होतं, म्हणून मी कापसाच्या कागदावर त्याची जिक्ले प्रिंट, म्हणजे मूळ चित्रासारखी हुबेहूब छापील प्रत, करून घेतली. "ऊन लागू देऊ नका, हात लावू नका," छापणाऱ्याने बजावलं.

काच बसवायच्या आधीच आईने, पहिल्या वेचणीला वावरात करायची तशी, चित्रातल्या कपाशीवर दही-भाताची शितं ठेवली. मी ओरडलो.

"काहून वरडतं? वावराले उपाशी ठेवू का?"

पुढे आई वारली. कागदावर राहिलेला दह्याचा डाग पिवळा पडला. छापणारा म्हणतो, "फाईल आहे, नवीन काढून देतो." माझं डोकंच फिरतं. चित्र फाईलमध्ये आहेच. उन्हापासून मी जपतो तो डाग.