पत्रिका न आलेलं लग्न

आठवडाभर मी नगरच्या कोर्टात वकिली करते आणि रविवारी केडगावच्या आमच्या छोट्या चर्चमध्ये उपदेश. मंडळीतले लोक मला वकीलबाई म्हणतात, कोर्टातले पाळकबाई. पूर्वी दोन्हीकडे अवघडायला व्हायचं. मध्यस्थी केंद्रात बसायला लागले तेव्हा दोन्ही कामं एकमेकांना धरून आहेत हे कळलं.

तिसगावचा एक दावा मध्यस्थीसाठी माझ्याकडे आला. निवृत्त गुरुजी, बौद्ध. त्यांचे शेजारी मुस्लिम टेलर. मधल्या सामाईक भिंतीतली खिडकी टेलरनं विटा लावून बुजवली, म्हणून गुरुजी कोर्टात गेलेले. दोघंही माझ्याशी बोलत, एकमेकांकडे बघतही नसत. उजेड, वारा, मालकी, सगळं बोलून झालं. दोघांच्या बायका मात्र बाहेर बाकाच्या दोन टोकांना गप्प बसून होत्या. घरोघरी प्रार्थनेला जाऊन मला एक सवय लागली आहे, गप्प माणसाला आधी विचारायचं. मी दोघींना आत बोलावलं.

"खिडकी का बुजवली, भाभी?"

"म्याडम, रोज त्या खिडकीतून कालवण यायचं-जायचं," टेलरची बायको म्हणाली. "माझ्या पोरीच्या लग्नाला ताई आल्याच न्हाईत. मंग कशाला ठेवायची खिडकी?"

गुरुजींची बायको उसळली. "बोलावलं हुतं का? साऱ्या गावाला पत्रिका वाटल्या, आमच्या घरात आली न्हाई!"

भाभींनी कपाळावर हात मारला. "घरच्याला कोन पत्रिका देतं, ताई? मी तुमच्यासाठी साडी घिऊन वाट बघत हुते."

माझ्यातली वकील लगेच तडजोड लिहायला निघाली होती. मी पेन खाली ठेवलं.

ताईंनी पदरानं डोळे पुसले. "साडी हाय का अजून?"

"हाय की. पेटीत."

आधी गुरुजी हसले, मग टेलर. मग मलाही आवरेना.

तडजोडीत भाभींनी हट्टानं एक कलम घालायला लावलं: यापुढे एकमेकांना पत्रिका द्यायची नाही, पण कार्याला यायचंच. न्यायाधीशांनी ते वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि तसंच राहू दिलं.

खिडकी उघडायच्या दिवशी मलाही बोलावणं होतं. गवंडी वेळेवर आला नाही, म्हणून गुरुजींनीच हातोडा घेतला. टेलर पलीकडून ओरडत होते, "दमानं, गुरुजी, माझी मशीन हाय हिकडं!" धुरळा बसायच्या आत भाभींनी त्या भोकातून बिर्याणीचं ताट पुढं केलं. मी दोन्ही घरी जेवले आणि परतताना बसमध्ये एकटीच हसत बसले.