दादाच्या गोळ्यांची पिशवी

काय सांगू तुम्हाला, मूर्खपणा सगळेच करतात, पण लोक निदान आपापल्या घरात करतात. मी केला तो भरल्या सभागृहात, मंचावर, समोर माइक ठेवून, गळ्यात खादीची शाल घालून! मधे कुठे हसू आलं तर खुशाल हसा. तेव्हा मीही हसले होते. तेच तर सांगायचंय.

माझा दादा, किसनदादा. देवळीजवळच्या आमच्या गावात राहतो. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. तो शाळेत गेलाच नाही, कारण बैलांमागे माणूस लागत होता. पण मी शाळेच्या वयाची झाले तेव्हा यानंच बाबांपुढे उभं राहून सांगितलं, "सुमीले शिकवू." पुढे सायकलच्या दांड्यावर बसवून मला रोज देवळीच्या शाळेत सोडायचा. मी शिकले, वर्ध्याला मुलींच्या शाळेत शिवणकामाची बाई झाले. दादा मात्र अजून अंगठा लावतो.

मी रिटायर झाले आणि घरी बसवेना, म्हणून एका डिझाइनच्या वर्गात नाव घातलं. रोजच्या वापराच्या वस्तू कशा बनवाव्यात, मातीला जड होणार नाहीत आणि गरिबाला, म्हाताऱ्याला, अडलेल्याला कामी येतील अशा. शिकवणाऱ्या मॅडम माझ्या विद्यार्थिनींच्या वयाच्या. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "वस्तू बनवण्याआधी माणूस बघा." मी ते वहीत लिहिलं. खाली लाल पेनानं दोन रेघा ओढल्या. रेघा अगदी सरळ आल्या होत्या, शिवणकामाची बाई ना!

त्याच उन्हाळ्यात शेवंतावहिनी गेली. पोटाचा आजार होता, वर्षभर झुरली. त्यांना मूलबाळ नाही. तेरवी झाली, पाहुणे गेले, आणि मी चार दिवस दादाजवळ राहिले. दुःखात बायका काय करतात? घर आवरतात. मीही पदर खोचला.

चहाचा डबा उघडला तर पत्तीवर गोळ्यांची एक पट्टी! भाकरीच्या टोपलीतलं फडकं उचललं तर त्यात दुसरी! आणि दादाच्या उशाशी बॅटरी होती, तिला रबरानं गुंडाळलेली तिसरी. ब्लडप्रेशरच्या गोळ्या सकाळी आणि रात्री, साखरेची दुपारी. आणि त्या अशा, मिठामिरच्यांत पडल्यासारख्या!

"अवं माय! दादा, हे काय होय?"

"राहू दे न, सुमे. थे तिनं..."

"तिनं ठेवलं तं ठेवलं! अशानं एखाद दिवशी भलतीच गोळी जाईन न पोटात!"

मी सगळ्या पट्ट्या गोळा केल्या, डबा घासला, फडकं धुतलं, रबर फेकून दिलं. घर कसं लख्ख! दादा दारात उभा राहून बघत होता. मला वाटलं, कौतुकानं बघतोय.

आणि डोक्यात पिशवी आली.

अहो, काय पिशवी होती ती! शिंप्याकडच्या खादीच्या चिंध्या, नवं कापड एक बोटभर नाही. प्लास्टिकचं नाव नाही. करवंटी घासून केलेल्या गुंड्या. रंग सगळे झाडापानांचे, पळसाच्या फुलांचा केशरी, हळदीचा पिवळा. तीन कप्पे आणि प्रत्येकावर भरतकाम. पहिल्यावर उगवता सूर्य, म्हणजे सकाळ. दुसऱ्यावर ताट, म्हणजे दुपारचं जेवण. तिसऱ्यावर चंद्रकोर, म्हणजे रात्र. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळेल! मॅडमनी पिशवी हातात घेतली आणि म्हणाल्या, "सुमनताई, ही प्रदर्शनात ठेवायची." मी घरी गेले ते जमिनीपासून चार बोटं वरूनच.

पण बनवण्याआधी माणूस बघायचा होता ना? बघितला की! गावी गेले, पिशवी दादाच्या हातात ठेवली.

"हा सूर्य. हे ताट. हा चंद्र. समजलं?"

"समजलं न. यात काय नाई समजाचं?"

हे वाक्य मी जसंच्या तसं वहीत उतरवलं. "वापरणाऱ्याचा अभिप्राय" म्हणून!

मग रोज फोन. बहीण आहे मी, मला काळजी नाही का?

"गोळ्या घेतल्या, दादा?"

"घेतो न."

"पिशवीपरमानं?"

"तुह्या पिशवीपरमानंच."

अजून काय विचारायचं माणसानं? तो शब्दाला शब्द खरं सांगत होता हो. मलाच ऐकू येत नव्हतं.

तर भादव्यात प्रदर्शन लागलं. आयोजक म्हणाले, वापरणारी व्यक्ती मंचावर असली तर बहार येईल. दादा एसटीनं आला. पांढरा सदरा, धुतलेली टोपी, आणि पिशवी गळ्यात, शाळेच्या पोराच्या दप्तरासारखी. त्याला बघून माझा ऊर भरून आला. मी भाषणात म्हणाले, "वस्तू ही वापरणाऱ्याच्या नजरेतून घडावी लागते." टाळ्या! मला शाल घातली.

मग प्रमुख पाहुण्यांनी माइक दादाकडे दिला. "सांगा बाबा, ही पिशवी कशी वापरता?"

दादा उठून उभा राहिला. पिशवी दोन्ही हातांनी वर धरली. "सोपं हाय जी. सूर्य निंगाला का ही गोळी. जेवाले बसलो का ही. अन् चंद्र दिसला का ही."

"वा, वा!" सभागृह खूश. पाहुण्यांनी सहज गंमत म्हणून विचारलं, "आणि पावसाळ्यात हो?"

"पावसाळ्यात कायचा सूर्य, साहेब? श्रावणात झड लागली तं आठ-आठ दिवस दिसत नाई. मंग नाई घेत."

लोक हसले.

"आणि चंद्र?"

"त्याचं तं लयच अवघड हाय जी. पुनव झाली का रोज उशिरा निंगते. अंगणात वाट पाहत बसा लागते. कवा कवा बसल्या बसल्या डोळा लागते. अन् अवसेले सुट्टीच!"

सभागृहात असा हशा पिकला की पंख्याचा आवाज ऐकू येईना! पाहुणे डोळे पुसत होते. दादाही हसला. त्याला वाटलं, आपण काहीतरी छान बोललो.

आणि मी? मला तिथंच धावत जाऊन विचारायला नको होतं का, की दादा, किती दिवस गोळी नाही पोटात? मी काय केलं माहीत आहे? मी माइक ओढला, दात काढले आणि म्हणाले, "आमच्या दादाला विनोद करायची फार सवय आहे!"

पुन्हा टाळ्या. मला पहिलं बक्षीस.

दादाचं हसू हळूहळू उतरलं. तो खाली बसला आणि पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिला.

कार्यक्रम संपल्यावर चहाच्या टेबलाशी मी त्याला कोपऱ्यात घेतलं. "काऊन असं बोलला रे? माह्यी चारचौघांत इज्जत गेली न!"

"म्या काय केलं? तू जे चित्र काढलं, तसंच तं घेत होतो."

"अरे, सूर्य म्हंजे सकाळ! दिसो का नाई दिसो!"

"अस्सं होय?" तो खरोखर विचारात पडला. "मले वाटलं, शिकलेल्याईनं काई पाहूनच काढलं असन. ऊन असन तवाच थे गोळी लागू होत असन. आपल्याले काय समजते?"

"बरं, आजपासून रोज घेजो."

"घेतो."

झालं. एवढंच बोलले मी. मला फोटोला बोलावत होते. दादाला देवळीच्या गाडीत बसवून दिलं, खिडकीतून त्यानं हात हलवला, आणि मी वळले.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. दादाच्या शेजारच्या बेबीबाईचा. "ताई, लवकर या. किसनभाऊ न्हाणीजवळ पडले. तोंड वाकडं झालं. बोलणं समजत नाई."

दवाखान्यात पोचले तेव्हा दादा खाटेवर होता. उजवा हात शेजारी ठेवलेल्या वस्तूसारखा पडलेला. डॉक्टर तरुण होते. त्यांनी बेबीबाईनं आणलेली पिशवी टेबलावर उलटी केली. ताटाच्या कप्प्यातली पट्टी संपत आलेली. सूर्याची आणि चंद्राची जवळजवळ भरलेली.

"यांना गोळ्या कोण देत होतं?" त्यांनी विचारलं.

मी काय उत्तर दिलं असेल? माझ्या तोंडून निघून गेलं, "पिशवी."

नर्स हसली, मग तिचं तिलाच कसंतरी झालं आणि ती खाली बघून पट्ट्या आवरू लागली.

संध्याकाळी बाहेरच्या बाकावर मी आणि बेबीबाई बसलो होतो. मी तिला म्हणाले, "आधी तर गोळ्या घरभर पडलेल्या होत्या. तेव्हा कसा काय घेत होता हा?"

"पडेल नव्हत्या, ताई." बेबीबाईनं माझ्याकडे न बघताच सांगितलं. "वैनीनं ठेवल्या होत्या. सकाळी चहा केल्याबिगर भाऊ राहत नाई, तं चहाच्या डब्यात. भाकर काढाची तं फडकं उचलाच लागते, तं तिथं. अन् निजाच्या आधी बॅटरी घेऊन गोठ्यात एक चक्कर मारते थे. बॅटरी उचलली का गोळी हातात. तिले मालूम होतं न, आपण नाई राहत. दोन महिने खाटेवर पडल्या पडल्या पाहे, भाऊ घेते का नाई. दुपारची आधी पाण्याच्या माठावर ठेवली होती, तं भाऊ विसरे. मंग तिनं टोपलीत ठेवाले लावली."

वहिनीही अंगठाच लावायची. पोटात कळा येत असताना तिनं खाटेवरून माणूस बघितला होता, एक जागा चुकली तर बदलून बघितली होती. आणि मी ते सगळं एका दुपारी घासून लख्ख केलं. तो "थे तिनं" म्हणाला होता, तेव्हा त्याला पुढचं वाक्यही पूर्ण करू दिलं नाही.

तिच्या हातची घरात तेवढीच गोष्ट रोज चालू होती. रोज तीनदा.

मॅडमना फोन करून सांगितलं, बक्षीस परत घ्या. त्या म्हणाल्या, "बक्षीस राहू द्या, ताई. पिशवी द्या. पुढच्या वर्गाला दाखवू." तर माझी पिशवी आता तिथं भिंतीवर टांगलेली आहे, आणि नवी पोरं तिच्यापुढे उभं राहून कसं करू नये ते शिकतात. शेवटी पर्यावरणाच्या दृष्टीनं बघाल तर वाया काहीच गेलं नाही!

वर्ध्याच्या घराला कुलूप घालून मी गावी आले. आता गोळ्या मी हातात देते. दादाचा उजवा हात गेला तो गेलाच. जीभ जड झाली, निम्मे शब्द ओठांतच राहतात. बेबीबाईला बरोबर कळतात. मला, ज्या बहिणीला त्यानं सायकलवरून शाळेत नेलं तिला, कळत नाहीत.

परवाची गोष्ट. दुपारी दादा ओसरीच्या आत खाटेवर बसून डाव्या हातानं वरणभात खात होता. चमचा सटकायचा, अर्धा भात मांडीवर. मला बघवेना. आणि काय सांगू, माझे हात पुन्हा शिवशिवले! चमच्याचा दांडाच बदलला तर? लाकडाचा, हाताच्या मापाचा, वर सुती पट्टी! पण थांबा. ठेच लागलेली बाई आहे मी. या वेळी आधी माणसाला विचारायचं ठरवलं.

वही घेतली, टेप घेतला, आणि दारात त्याच्या समोर उभी राहिले.

"दादा, आता तूच सांग. दांडा कसा पाहिजे तुले? जाड का बारीक?"

तो माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाला. "बा... बा..."

"बारीक?" मी लिहिलं.

त्यानं मान हलवली. पुन्हा जोर लावून, "बा..."

"बांबूचा? बांबूचा पाहिजे?"

नाही. कपाळावर आठी. डावा हात हवेत.

"बाभळीचा! हो न? बाभूळ मजबूत असते." मी लिहिलं, खाली रेघ ओढली. मला इतका आनंद झाला! अखेर मी त्याचं ऐकत होते. "बोल दादा, सावकाश बोल. लांबी किती?"

तेवढ्यात बेबीबाई ताकाचा गडवा घेऊन आली. तिनं एकदा दादाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"अवो ताई, थे म्हणून राह्यले, बाजूले हो. तुमी दारात उभ्या आहा, त्याईले रस्ता नाई दिसून राह्यला."

मी बाजूला झाले. बाहेरून कापसाची गाडी चालली होती. ती वळणाआड जाईपर्यंत दादा बघत राहिला, चमचा तसाच हातात धरून.

वहीत अजून लिहिलेलं आहे, 'दांडा बाभळीचा'. खाली रेघ ओढलेली आहे. अगदी सरळ.