कपाळापर्यंतची कृतज्ञता

मीरा-भाईंदरच्या हद्दीत आभार मानण्यासारख्या साध्या गोष्टीचं कोणी एकहाती वाटोळं करून ठेवलं असेल, तर ते माझ्या मामासासऱ्यांनी. मामासासरे म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. ते सिल्व्हर पार्कला राहतात, आम्ही बेव्हर्ली पार्कला, आणि या दोन पार्कांमधलं अंतर इतकं कमी आहे की सकाळी आमच्यावर रागावून गेलेले मामा दुपारच्या चहाला परत येऊ शकतात, आणि येतात. मामांची नोकरी एका धार्मिक ट्रस्टच्या शाळेत. शाळेच्या दारात संस्थापक महाराजांच्या पादुका, आत शिरल्यावर महाराजांचा फोटो, जिन्यात महाराजांची वचनं. सकाळी आधी आरती, मग प्रार्थना, मग राष्ट्रगीत, आणि एवढ्यातून मुलांमध्ये काही जीव उरला तर पहिला तास. तिथे मामा मूल्यशिक्षण शिकवत. इतर मास्तरांना मूल्यशिक्षणाचा तास म्हणजे वह्या तपासायची सोय. मामांना ते अवतारकार्य वाटायचं.

त्यांचं निदान पक्कं होतं. आजच्या पिढीला सगळे रोग आहेत आणि त्या सगळ्यांचं मूळ एकच, कृतघ्नपणा. हा शोध त्यांना शाळेच्या पाण्याच्या कूलरपाशी लागला. एक मुलगा आला, गटागटा पाणी प्यायला, बाहीला तोंड पुसलं आणि निघून गेला. मामा हादरले. संध्याकाळी आमच्याकडे येऊन त्यांनी ही हकीकत अशी सांगितली की हिने घाबरून गॅस बंद केला. मी विचारलं, "पण मामा, त्याने बोलायचं कोणाशी? कूलरशी?" त्यावर ते माझ्याकडे बराच वेळ दयेने पाहत राहिले आणि म्हणाले, "जावईबापू, तुमच्यावरही कोणी वेळेवर मेहनत घेतलेली दिसत नाही."

त्या धक्क्यातून त्यांची पद्धत जन्माला आली. कृतज्ञतेच्या तीन पातळ्या. जो पगार किंवा पैसे घेऊन काम करतो, म्हणजे रिक्षावाला, वॉचमन, भाजीवाली, त्याच्यासाठी हात कमरेपाशी जोडायचे आणि म्हणायचं, "धन्यवाद." आईवडील आणि गुरुजन यांच्यासाठी हात छातीपाशी, आणि वाक्य, "मी आपला ऋणी आहे." मुलींनी "आपली" म्हणायचं. देव आणि महाराज यांच्यासाठी हात थेट कपाळाला, डोळे मिटून, "मी कृतज्ञ आहे." दर शनिवारी प्रार्थनेनंतर याची कवायत होई. मामा "कमर" म्हणून ओरडत, सगळी शाळा कमरेशी हात जोडी. "छाती" म्हटलं की हात वर, "कपाळ" म्हटलं की आणखी वर. मी एकदा गेटबाहेरून ही कृतज्ञता पाहिली आहे. बँडपथकात याहून जास्त जिव्हाळा असतो.

मुलं तर मुलंच. त्यांनी पद्धत जशी शिकवली तशी वापरली, म्हणजे पूर्ण घोटाळा केला. आमच्या भागात पाण्याची बोंब कायमची. एकदा शाळेच्या नळांनी अंग टाकलं आणि टँकर यायला दोन तास झाले. टँकर आत शिरताच सहावीच्या एका वर्गाने खिडकीतून ड्रायव्हरला बघून हात कपाळाला लावले आणि डोळे मिटले. मामा धावले. ड्रायव्हर पैसे घेऊन पाणी देतो, तो कमरेचा, देव कपाळाचा, एवढंही कळत नाही का, असं त्यांनी वर्गाला विचारलं. एक जण म्हणाला, "पण सर, देवाने नाय ना आणलं पाणी. यानेच आणलं." या उत्तराबद्दल त्याला वर्गाबाहेर उभं राहावं लागलं. बाहेर कूलरजवळ उभं राहिल्यामुळे पाणी प्यायला पहिला नंबर त्याचाच लागला, हा भाग मामा सांगताना गाळतात.

बाहेरच्या जगाने तर या पद्धतीची अजिबात कदर केली नाही. मामा रिक्षातून उतरले की स्वतः आदर्श घालून द्यायला कमरेशी हात जोडून सावकाश म्हणत, "धन्यवाद." रिक्षावाला म्हणे, "वो ठीक है, छुट्टा दो." एकदा ते सगळ्या सातवीला घेऊन घोडबंदरला गेले. हेतू किल्ला पाहण्याचा नव्हता. खाडीचे आभार मानायचे होते. खाडी कमरेची की कपाळाची यावर बसमध्ये चर्चा चालू असताना हायवेवर टायर बसलं. भर उन्हात ड्रायव्हर जॅक लावतोय आणि मामा मुलांकडून बसमधल्या बसमध्ये त्याच्यासाठी कमरेचे हात जोडून घेतायत. शेवटी तो घाम पुसत दारात आला आणि म्हणाला, "साहब, हाथ बाद में जोडना. पहले सबको नीचे उतारो, गाडी हलकी होगी." मामांच्या मते हा माणूस असंस्कृत होता. माझ्या मते त्या दिवशी बसमध्ये शहाणा तोच एकटा होता.

पण खरी दाणादाण उडाली ती गृहपाठामुळे. मामांनी फर्मान काढलं, घरी जाऊन आईसमोर उभं राहायचं, हात छातीशी, आणि पूर्ण वाक्य म्हणायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या दारात आयांचा घोळका. त्यात जुन्या भाईंदरच्या कोळीवाड्यातली एक जण सगळ्यांत पुढे. ती पहाटेपासून मासळी बाजारात बसून तिथूनच तडक आलेली. ती मामांना म्हणाली, "सर, पोर माझ्यासमोर हात जोडून हुबं ऱ्हायलं न् बोल्लं, मी आपला ऋणी हाय. मला वाटलं यानं कायतरी करून ठेवलंय. आमी त्याच्या बापाला बंदरावरनं बोलवून घेतलं. पोराला विचार विचार विचारलं, तर ते रडाया लागलं. घरात कोन कोनाचं आभार मानतं का? मी काय परकी हाय?" दुसऱ्या एका घरात तर मुलगा घर सोडून चालला असा समज होऊन त्याची चप्पल लपवून ठेवली होती. मामांनी सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे परिणाम होतोय."

आता कोणाला वाटेल की असा माणूस स्वतः घरात येताजाता आभार मानत असेल. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, मामांच्या तोंडून आमच्या घरात मी "धन्यवाद" हा शब्द ऐकलेला नाही. मूळचे रत्नागिरीकडचे, त्यामुळे हिच्या हातचे घावणे आणि काळ्या वाटाण्यांची आमटी यांवर त्यांचा जन्मसिद्ध हक्क. पानावर बसतात, मान खाली घालून जेवतात, आणि उठताना म्हणतात, "मीठ बघत जा जरा." हा त्यांचा सर्वोच्च पुरस्कार. मीठ जास्त किंवा कमी असण्याशी त्याचा काही संबंध नाही. मी एकदा धाडस करून म्हटलं की मामा, छातीचा नाही तर निदान कमरेचा तरी करा. तर म्हणाले, "घरच्यांचे आभार मानले की ते परके होतात, जावईबापू." मी त्यांना कोळीवाड्यातल्या बाईची आठवण करून दिली, ती वेगळं काय म्हणत होती? त्यांनी हात धुतले, पंच्याला पुसले आणि म्हणाले, "शाळेत शिकवायचं ते आणि घरी वागायचं ते, हे दोन वेगळे पेपर आहेत."

असा हा माणूस निवृत्तीला आला. मी मनात म्हटलं, सुटली पोरं. पण मामांना आणखी एक वर्ष हवं होतं. संस्थेत मर्जी असली तर तशी मुदतवाढ मिळायची, आणि अध्यक्षांनी त्यांना तोंडी शब्दही दिला होता. मामा रोज तेच घोकत. पद्धत अजून मुरलेली नाही, एक वर्ष मिळालं तर ही पोरं मार्गी लागतील, मग मी सुखाने घरी बसेन. त्यांना वर्ष पगारासाठी नको होतं, हे त्यांची टिंगल करणाऱ्या मलाही दिसत होतं. त्यांना खरोखर वाटत होतं की आपल्या हातून एक मोठं काम अर्धवट राहतंय.

त्याच सुमाराला एका बिल्डर शेठने शाळेच्या गच्चीवर पत्र्याचा हॉल बांधून दिला. उद्घाटनाच्या आधी अध्यक्षांनी मामांना बोलावून घेतलं आणि गोड आवाजात सुचवलं, शेठ येतील तेव्हा मुलांनी कपाळापर्यंत हात जोडले तर बरं दिसेल. मामा म्हणाले, "कपाळ महाराजांचं आहे. शेठना छाती देतो. खरं तर हॉलला पंखे लावून देईपर्यंत त्यांची कमरच होते, पण सण आहे म्हणून छाती." अध्यक्ष हसले. मग हसणं थांबवून त्यांनी सांगितलं की सर, एका दिवसाचा तर प्रश्न आहे, आणि तुमच्या मुदतवाढीचा कागद माझ्याच टेबलावर आहे. ही गोष्ट मामांनी आम्हाला घावण्याचे तुकडे करत, दुसऱ्याच कोणाची सांगावी तशी सांगितली. हिने हात जोडले, अक्षरशः कपाळाला, की मामा, जाऊ दे ना, एवढ्याशा गोष्टीवरून वर्ष घालवू नकोस. मीही समजावलं. इतकी वर्षं ज्या पद्धतीला मी थोतांड म्हणत आलो, तिच्यात थोडी सवलत द्या म्हणून मीच विनवत होतो. मामा म्हणाले, "एकदा कपाळ शेठला दिलं की महाराजांना कुठून देऊ? डोक्यावर फक्त पत्रा आहे."

उद्घाटनाला शेठ आले, नारळ फुटला, मामांनी खणखणीत आवाजात "छाती" असा हुकूम सोडला आणि सगळ्या शाळेचे हात छातीपाशी येऊन थांबले. अध्यक्षांनी पुढच्या रांगेतून दोनदा हाताने वर, वर अशी खूण केली. एकही हात हलला नाही. मामांची पद्धत मुरली नव्हती असं कोण म्हणेल. आठवड्याच्या आत पत्र आलं, तरुणांना संधी देण्याचं संस्थेचं धोरण असल्याने वगैरे वगैरे. माझा राग शेठवर नव्हता, अध्यक्षांवरही फारसा नव्हता, मामांवर होता. हट्टी आणि अडेलतट्टू माणूस, असं मी त्यांच्या भाचीला ऐकवलं.

निरोप समारंभ त्याच हॉलमध्ये झाला. पत्रा तापलेला, पंखे नुकते लागलेले. आम्ही दोघं नातेवाइकांच्या रांगेत बसलो होतो. नवीन शिक्षकांनी मुलांची तयारी करून घेतली होती, सगळ्यांनी छातीशी हात जोडून एका सुरात "आम्ही आपले ऋणी आहोत" म्हणायचं ठरलं होतं. पण शाल-श्रीफळ झाल्यावर मामा स्वतः माईकपाशी आले आणि म्हणाले, आज एका सुरात काही नको. ज्याला जे वाटतं ते त्याने आपल्या शब्दांत सांगावं. काही वाटत नसेल तर तेही चालेल.

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. बिचाऱ्यांना प्रत्येक वेळी हात कुठे न्यायचे आणि काय म्हणायचं हे सांगितलेलं असायचं, आज कोणी काहीच सांगितलं नव्हतं. शिक्षक डोळ्यांनी खुणा करत होते, उठ, बोल. कोणी उठेना. मामा माईक धरून उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू कसनुसं होत होतं. मला खाली बघावंसं वाटलं.

शेवटी पाचवीतली एक मुलगी उभी राहिली. "सर, तुम्हाला कुठला करायचा?"

"कुठला म्हणजे?"

"नाय, म्हणजे तुम्ही आता पगार नाय ना घेणार. शिकवणार पण नाय. मग हात कुठे ठेवायचे?"

हॉलमध्ये खसखस पिकली. मामा हसले नाहीत. त्यांच्या पद्धतीत या प्रश्नाला उत्तर नव्हतं, आणि हे त्यांना माझ्या आधी कळलं. ते म्हणाले, "तुला जिथे ठेवावेसे वाटतात तिथे ठेव."

तिने थोडा विचार केला आणि दोन्ही हात फ्रॉकच्या खिशांत घातले. मग विचारलं, "उद्या तुम्ही खरंच नाय येणार?"

"नाही."

"मग मला काय नाय बोलायचं," ती म्हणाली आणि मान खाली घालून मटकन बसली. अध्यक्षांनी घाईघाईने टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि बँड वाजला.

परत येताना मामांनी रिक्षा नको म्हटलं, म्हणून आम्ही चालत निघालो. बायको शाल आणि नारळ घेऊन थोडी पुढे होती. वातावरण हलकं करावं म्हणून मी म्हटलं, "बघितलंत ना? एवढं शिकवून पोरीने हात खिशात घातले."

"घातले," मामा म्हणाले. "खिशातच घातले. जावईबापू, एवढ्या वर्षांत मला हुकमाशिवाय, माझं असं मिळालेलं ते पहिलंच." मग थांबून त्यांनी चष्मा पुसला. "आता कुठे मला कळतंय कुठून सुरुवात करायची ते. आणि आताच घरी बसवलं त्यांनी."

मी त्यांच्या पद्धतीला तेव्हाही थोतांडच म्हणत होतो आणि आजही म्हणतो. पण त्या संध्याकाळी सिल्व्हर पार्कच्या वळणावर, त्यांच्या बाजूने सावकाश चालताना, मला अगदी मनापासून वाटलं, की ते एक वर्ष या माणसाला मिळायला हवं होतं.