ऊन राहील ना तुमच्याकडे?

माझ्या सासूबाई नागपूरच्या. त्या लोकरीला ऊन म्हणतात, हे लग्नाला पंचवीस वर्षं होऊनही मला माहीत नव्हतं, कारण आमच्यात लोकरीचा विषय कधी निघालाच नव्हता. पुण्यात माणशी एक स्वेटर आणि एक कानटोपी पुरते. मफलर घेतला तर तो शोभेसाठी.

पावसाळ्याच्या तोंडावर त्या न्हाणीघरात पडल्या आणि मनगट मोडलं. सासरे गेल्यापासून तिकडे त्या एकट्याच. हात बरा होईपर्यंत बिबवेवाडीला आमच्याकडे यायचं ठरलं. निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला.

"जावईबापू, ऊन राहील ना तुमच्याकडे?"

"राहील की," मी म्हणालो. "गॅलरी पूर्वेची आहे, सकाळी भरपूर असतं. दुपारनंतर मात्र समोरच्या इमारतीकडे जातं."



"त्यांच्याकडे काहून? मी तर शेजारणीकडून सगळं धुववून, घड्या घालवून आणून राहिली."

बायकोने माझ्या हातातून फोन घेतला.

अशा रीतीने दोन मोठ्या पिशव्या भरून गरम कपडे आमच्याकडे आले. बंद घरात उंदीर कुरतडतील, म्हणून त्यांनी सगळेच आणले होते. मी कपाटातला वरचा कप्पा रिकामा करून दिला. लांबी-रुंदी मोजून पाहिली होती, दोन्ही पिशव्यांतला माल त्यात बसत होता. सासूबाई म्हणाल्या, "पाहुण्याचं सामान पिशवीतच बरं," आणि पिशव्या दिवाणाखाली सरकवल्या. हात बरा झाला, पाऊस संपत आला, तरी पिशव्या तिथेच. त्यांनी आता कायमचं इथेच राहावं, अशी माझ्या बायकोची इच्छा होती. तिने आडून, सरळ, सगळ्या प्रकारे विचारून झालं होतं. उत्तर हो नाही आणि नाहीही नाही. मला तिने एकच ताकीद दिली होती: "तुम्ही मध्ये पडू नका. आणि पडलात तर आकडे सांगू नका."

दसऱ्यानंतर कडक ऊन पडायला लागलं तसा दिवाणाखालून कुबट वास येऊ लागला. भिंतीच्या बाजूच्या पिशवीला ओल लागली होती. मग पिशव्या उघडाव्याच लागल्या. जे दमट झालं होतं ते रिठ्याच्या पाण्यात धुतलं. त्यात सासऱ्यांचा तपकिरी स्वेटर होता, सासूबाईंनीच विणलेला. धुण्याआधी मी तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला होता, नऊशे ग्रॅम भरला. पाण्यातून काढल्यावर काट्याने आकडा दाखवायचंच नाकारलं.

मी तो हँगरला लावून गॅलरीतल्या दांडीवर चढवत होतो.

"टांगू नका," सासूबाई म्हणाल्या. "बाह्या गुडघ्यापर्यंत येतील. मग घालायला माकड शोधत बसा."

तो जुन्या टॉवेलात गुंडाळून, दाबून पाणी काढायचं आणि मग आडवा पसरून सावलीत वाळवायचा, असं त्यांनी सांगितलं. गॅलरीत आडवी जागा नव्हती. कपड्यांचा स्टँड उघडून त्यावर चादर ताणली आणि स्वेटर निजवला. पाच मिनिटांत खालच्या मजल्यावरच्या काकूंचा आवाज आला.

"अहो, अभिषेक चाललाय का? नाही, तीर्थ आमच्या पापडांवर येतंय म्हणून विचारलं."

मी खाली परात लावली.

बाकीच्या कोरड्या कपड्यांना ऊन दाखवायचं होतं. मी ते दुपारपर्यंत ठेवणार होतो. त्यांनी अर्ध्या तासात उचलायला लावले.

"दाखवायचं म्हणजे दाखवायचं. पोरगी दाखवतात तसं. तिथंच नांदायला नाही ठेवत. रंग उडतो."

स्वेटर वाळायला दोन दिवस लागले. मग सगळे कपडे दिवाणावर मांडून बसलो. मी माणसांप्रमाणे गठ्ठे करायला घेतले, तर त्यांनी ते मोडले. त्यांच्या घरी गठ्ठे थंडीप्रमाणे लागत. दिवाळीपासूनची साधी थंडी, त्यानंतरची, आणि मग कडाक्याची. तिसरा गठ्ठा सर्वांत मोठा झाला. तपकिरी स्वेटर त्यातच, सगळ्यांत वर. त्यावर हात ठेवून त्यांनी विचारलं,

"इथं किती पडते हो थंडी?"

बायको दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. पण प्रश्नच आकड्याचा होता.

"वेधशाळेकडे एखाद्या रात्री आठ-नऊ अंश. आपल्याकडे घरं दाट, दोन अंश जास्तच धरा. तेही चार-पाच रात्री."

"म्हणजे हे लागतच नाही."

"नाही."

बायको स्वयंपाकघरात गेली. मागोमाग मीही गेलो.

"झालं समाधान?" ती हळू आवाजात म्हणाली. "आता ती म्हणेल, हे घालायला तरी घरी जाते."

"त्यांनी विचारलं."

"विचारलं तर पंधरा अंश कमी करून सांगायचे. मेली असती का वेधशाळा?"

बाहेर सासूबाई फोनवर बोलत होत्या. नागपूरच्या त्यांच्या शेजारणीशी. कानाने कमी ऐकू येत असल्याने त्या नेहमी मोठ्यानेच बोलतात.

"हो गं, गठ्ठा पाठवून राहिली. वाटून टाक तिकडं, ज्याला लागेल त्याला... ह्यांचा तपकिरी तेवढा तुझ्या नवऱ्याला दे. बाह्या दुमडाव्या लागतील, बुटका आहे तो... आता चांगला वाळला आहे, वास नाही... मी? मी कशाला येते आता. इथं थंडीच नाही म्हणतात जावई."

बायकोने गॅस बारीक केला आणि भाजी नसलेल्या कढईत बराच वेळ उलथनं फिरवलं.

"जावईबापू," बाहेरून हाक आली. "त्या वरच्या कप्प्यापर्यंत माझा हात पोचत नाही."

खालच्या कप्प्यात माझ्या प्राप्तिकराच्या फायली होत्या, वर्षांप्रमाणे लावलेल्या. त्या मी वर नेल्या. वरचं दार नीट लागत नाही, तिथे फायलींना धूळ बसणार हे उघड होतं. तरी खालचा कप्पा पुसून मी सासूबाईंना दिला.